फॉन्डंटचा बो दर वेळी मान का टाकतो? भेगा, बसलेले लूप आणि फ्रिजमधला घाम यांवर उपाय

फॉन्डंटचा, म्हणजे केकवर लावायच्या, लाटता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याचा बो बिघडतो तो चारपैकी एका वेळी: पट्टी दुमडताना, वाळताना, केकवर बसवल्यावर किंवा फ्रिजमधून बाहेर काढल्यावर. नेमका कधी बिघडला हे आधी आठवा, कारण उपाय त्यावरच ठरतो. दुमडताना भेग पडली म्हणून ग्लिसरीन घातलं, तर दुसऱ्या दिवशी लूप, म्हणजे बोचे पोकळ फुगवटे, बसून चपटे होतात. लूप बसले म्हणून पुढच्या खेपेला सीएमसी, म्हणजे फॉन्डंट कडक करणारी पावडर, दुप्पट केली, तर पट्टी दुमडतानाच फाटते. पुन्हा ग्लिसरीन. हे चक्र कितीही वेळा फिरवलं तरी बो उभा राहत नाही, कारण दोन्ही वेळी प्रश्न एकच असतो. फॉन्डंटमध्ये पाणी किती आहे, ते कधी निघून गेलं आणि कुठून परत आलं?

आधी फॉन्डंटकडे बघा

केक झाकायचा फॉन्डंट हा कडक होऊ नये म्हणूनच बनवलेला असतो. त्यातलं ग्लुकोज आणि ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतात, म्हणून दोन दिवसांनीही केक कापताना सुरी सहज जाते. बोसाठी आपल्याला नेमकं याच्या उलट हवं असतं. पाकिटातून काढून तसाच लाटलेला फॉन्डंट सपाट, केकला चिकटवलेल्या बोसाठी चालतो. पोकळ, उभ्या लूपसाठी चालत नाही, मग लाटणाऱ्याचा हात कितीही चांगला असो.

१० ते १२ सेंमी रुंदीच्या नेहमीच्या बोसाठी २५० ग्रॅम फॉन्डंटला १ सपाट टीस्पून, म्हणजे साधारण ३ ग्रॅम, सीएमसी किंवा टायलोज पावडर पुरते. हवा दमट असेल तर दीड टीस्पून. मार्शमॅलोपासून केलेला फॉन्डंट मुळातच मऊ असतो आणि हवेतला ओलावा लवकर ओढतो, तिथेही दीड टीस्पूनच घ्या. बो १५ सेंमीच्या पुढे गेला किंवा पंधरा-सोळा लूपचा फुललेला बो करायचा असेल, तर निम्मा फॉन्डंट आणि निम्मी गम पेस्ट, म्हणजे वाळून टणक होणारा साखरेचा गोळा, असं मिश्रण करा. नुसत्या गम पेस्टचा बो सर्वांत टणक होतो हे खरं, पण तो दातांनी फोडावा लागतो. केकच्या तुकड्यावर तो येणार असेल तर आमच्या मते तेवढ्या टणकपणाची गरज नसते.

सीएमसी घातल्यावर ३-४ मिनिटं मळा, प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा आणि ठेवून द्या. कमीत कमी अर्धा तास, जमलं तर रात्रभर. इथेच सगळ्यांत जास्त गडबड होते. ही पावडर पाणी शोषायला वेळ घेते. मळल्या मळल्या फॉन्डंट होता तसाच मऊ लागतो, म्हणून घाईत आणखी एक चमचा पडतो. चार तासांनी तो गोळा रबरासारखा होतो आणि दुमडला की तडकतो. असं झालं असेल तर त्यात तेवढाच साधा फॉन्डंट मळून घ्या, गोळा वाया जात नाही.

गोळा तयार झाला का, हे तोडून बघावं. साधा फॉन्डंट ओढला की लांबत जातो आणि मग तुटतो. सीएमसी मुरलेला फॉन्डंट थोडा ताणतो आणि स्वच्छ तुटतो. दुसऱ्या प्रकारे तुटेपर्यंत लाटायला घेऊ नका.

मापं

११-१२ सेंमी रुंद बोसाठी लूपच्या दोन पट्ट्या ४ × १५ सेंमीच्या, दोन शेपट्या ३.५ × १० सेंमीच्या आणि गाठीची पट्टी ३ × ५ सेंमीची. जाडी सगळ्यांची २ मिमी. एवढ्याचं वजन सुमारे ६० ग्रॅम भरतं, त्यामुळे २५० ग्रॅमच्या गोळ्यात कातरण धरूनही तीन बो निघतात. एकच बो हवा असला तरी लूप तीन करा. वाळलेला लूप ऐन वेळी मोडला तर नवा वाळवायला एक-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ त्या घडीला कुणाकडेच नसतो.

२ मिमी म्हणजे अंदाजे दोन नव्हे. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना २ मिमी जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटलं की जाडी सगळीकडे सारखी येते. ३-४ मिमीचा लूप मजबूत होईल असं वाटतं, प्रत्यक्षात तो स्वतःच्या वजनाने बसतो, कारण बाहेरची बाजू वाळली तरी आतला थर मऊच राहतो. १ मिमीची पट्टी उलट, वाळायच्या आधीच लोळते आणि तिच्या कडा वळतात. बोचा आकार सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर जाडी तीच ठेवूनही वजन चौपट होतं. ६० ग्रॅमचा बो २४० ग्रॅमवर जातो. छोट्या बोची पद्धत मोठ्याला लागू पडत नाही ती यामुळे.

पट्टी दुमडताना भेगा पडतात

भेग कुठे आहे ते बघा.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला बारीक सुरकुत्या आणि खरखरीतपणा आला असेल, तर पट्टीने साय धरली आहे. सीएमसी असलेला फॉन्डंट पंख्याखाली तीन-चार मिनिटांतच वरून कोरडा पडतो. आत तो मऊ असतो, वरचा कोरडा पापुद्रा मात्र ताणला जात नाही, तो फाटतो. लाटताना पंखा बंद ठेवा, एका वेळी एकाच लूपची पट्टी लाटा आणि बाकी गोळा प्लॅस्टिकमध्ये ठेवा. सगळ्या पट्ट्या एकदम कापून ओळीने मांडल्या की दिसायला छान दिसतं, पण तिसऱ्या-चौथ्या पट्टीपर्यंत पोहोचेतो तिचं काम झालेलं असतं.

अजून एक गोष्ट फारशी केली जात नाही, पण तिचा फरक लगेच दिसतो. पट्टी दुमडताना खालची, म्हणजे मॅटला टेकलेली बाजू बाहेर येईल अशी उलटवा. ती बाजू हवेला लागलेली नसते, त्यामुळे ओलसर असते आणि वळणावर ताण सहन करते. कोरडी बाजू आत गेली की ती ताणली न जाता दाबली जाते, मग फाटायचा प्रश्न येत नाही. मॅट मात्र गुळगुळीत हवा, नाहीतर त्याची नक्षी बोवर उमटते.

भेग फक्त कडेला असेल तर दोष कापण्याचा आहे. फिरतं कटर बोथट असलं की ते फॉन्डंट ओढत नेतं आणि कडेला बारीक चिरा पडतात, दुमडताना त्याच उघडतात. धारदार पातं सरळ वरून खाली दाबून कापा, ओढू नका. कापल्यावर कडेवरून बोट एकदा हलकं फिरवा.

आरपार तडा गेला असेल, तर फॉन्डंट कोरडा आहे, सीएमसी जास्त झाली आहे किंवा थंड गोळा पुरेसा न मळताच लाटला गेला आहे. १०० ग्रॅमचा गोळा मायक्रोवेव्हमध्ये ३ ते ५ सेकंद ठेवून मळून बघा. तरीही तडकत असेल तर २५० ग्रॅमला अर्धा टीस्पून शॉर्टनिंग, म्हणजे घट्ट वनस्पती तूप, मळा. फाटलेल्या पट्टीला पाणी लावून बुजवत बसू नका, ती जागा वाळल्यावर पुन्हा उघडते. पट्टी गोळ्यात मळून परत लाटा.

ग्लिसरीन इथे नको. केक झाकताना फॉन्डंट फाटत असेल तर ते उपयोगी आहे, कारण तिथे ओलावा टिकायला हवा असतो. बोमध्ये तेच ग्लिसरीन लूपला वाळूच देत नाही. भेगांवरचा हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो केक झाकणाऱ्यांसाठी असतो हे कुणी सांगत नाही.

लाटताना कॉर्नफ्लोअर भुरभुरवत असाल तर तेही तपासा. ते पृष्ठभागावरचं पाणी शोषून घेतं, त्यामुळे साय आणखी लवकर धरते, आणि गडद रंगावर पांढरे डाग राहतात ते वेगळे. मॅटवर आणि लाटण्यावर शॉर्टनिंगचा अगदी पुसट हात फिरवलेला बरा. फॉन्डंट फारच चिकटत असेल तरच कॉर्नफ्लोअर घ्या, तेही पातळ कापडाच्या पुरचुंडीतून थोपटून.

लूपची चिमट आणि डिंक

दुमडलेली पट्टी मध्ये चिमटताना नुसती दाबली तर जाड, रुंद गठ्ठा तयार होतो आणि गाठ त्यावर बसत नाही. वरची आणि खालची कड आत ढकलून दोन चुण्या करा, म्हणजे टोक साधारण दीड सेंमीवर येतं. चिमटीच्या मागे १ सेंमीपेक्षा जास्त फॉन्डंट उरला असेल तर कापून टाका.

चिकटवायला साधं पाणी चालतं, पण ते साखर विरघळवतं. जरा जास्त झालं की सांधा घसरतो आणि तिथला भाग पिठूळ होतो. पाव टीस्पून सीएमसी ३० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात टाका, झाकण लावा आणि रात्रभर राहू द्या. गुठळ्या दिसतील, त्या फोडत बसू नका. सकाळपर्यंत त्या आपोआप मुरून पारदर्शक डिंक तयार होतो. फ्रिजमध्ये तो आठवडाभर टिकतो. सांध्यावर ५ मिमी रुंदीची पातळ रेघ लावा, अर्धा मिनिट थांबा आणि तो चिकट झाला की मगच दाबा. डिंक लावून लगेच दाबलेला सांधा सरकतो आणि मग डिंक कमी पडला असं वाटून आणखी लावला जातो.

वाळताना लूप बसतात

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याची कारणं किमान चार आहेत. कधी बसला यावरून ती वेगळी काढता येतात.

पहिल्या दोन तासांत बसला तर लूप चुकीच्या बाजूवर ठेवला आहे. केकवर जसा दिसणार तसाच आडवा ठेवून वाळवायचा मोह होतो. तसा ठेवला की वरची भिंत छपरासारखी अधांतरी राहते आणि मऊ फॉन्डंट ते वजन पेलू शकत नाही. लूप कडेवर उभा करा, म्हणजे पट्टीची कापलेली कड ट्रेला टेकेल आणि लूपचं तोंड वर राहील. आता दोन्ही भिंती सरळ उभ्या असतात आणि वजन सरळ खाली जातं. ५-६ तासांनी उलटून दुसऱ्या कडेवर ठेवा, नाहीतर खालची कड पसरून चपटी होते.

आत भरण्यासाठी किचन पेपरची गुंडाळी करा, चिमटीकडे निमुळती आणि बाहेर फुगीर. ठासून भरू नका. जास्त भरलं की ताण सांध्यावर येतो आणि तो उघडतो. कापूस टाळा, त्याचे तंतू ओल्या फॉन्डंटला चिकटतात आणि नंतर निघत नाहीत. पेपरसुद्धा चिकटत असेल तर गुंडाळीवर किंचित कॉर्नफ्लोअर लावा. प्लॅस्टिकची पिशवी भरायची कल्पना सुचते, पण तिच्यामुळे आतला ओलावा बाहेर पडत नाही.

रात्रभर उभा राहिला आणि पेपर काढल्यावर बसला, तर आतली बाजू वाळलेलीच नाही. पेपर आत असेपर्यंत तिथे हवा पोहोचत नाही. बाहेरून लूप आकार धरू लागला, साधारण ८ ते १२ तासांनी, की पेपर हलकेच फिरवून काढा आणि आतली बाजू मोकळी वाळू द्या. कोरड्या हवेत एकूण २४ तास आणि दमट हवेत ४८ तास धरा. घड्याळापेक्षा गालाचा भरवसा जास्त. लूप गालाला टेकवा. आत पाणी असेल तर ते उडत असतं आणि पृष्ठभाग गार लागतो. पूर्ण वाळलेला लूप खोलीइतकाच कोमट लागतो, आणि नखाने टिचकी मारली की टक्क असा आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो.

कितीही दिवस ठेवला तरी कडकच होत नाही, अशीही तक्रार असते. तिथे रंग आणि चरबी तपासा. जेल रंगात पाणी आणि बहुधा ग्लिसरीनही असतं. पांढऱ्या फॉन्डंटपासून लाल, काळा किंवा गडद निळा करायला इतका जेल लागतो की सीएमसीचं निम्मं काम तिथेच वाया जातं. शॉर्टनिंगचा जाड हात फिरला असेल तर पृष्ठभागावर पातळ थर बसतो आणि पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. असा लूप कोरड्या कागदाने हलका टिपून घ्या आणि एक दिवस जास्त द्या.

चौथा प्रकार फसवा असतो. लूप टणक वाळला, डब्यात ठेवला आणि दोन दिवसांनी मऊ निघाला. साखर हवेतला ओलावा परत ओढून घेते. त्यातही दोन शक्यता आहेत. डबा हवाबंद होता आणि लूप आतून पुरता वाळला नव्हता, तर त्याचंच पाणी डब्यात कोंडलं. लूप वाळला होता पण डबा उघडा होता, तर पाणी हवेतून आलं. म्हणून आधी उघड्यावर पूर्ण वाळवा, गालाची परीक्षा घ्या आणि मगच ठेवा. कोरड्या हवेत पुठ्ठ्याचा खोका पुरतो. दमट दिवसांत घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, लूपला त्या टेकू देऊ नका.

वाळवण्याची घाई असेल तर वारा वापरा, उष्णता नको. फॉन्डंटमधलं जिलेटिन साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास सैल पडायला लागतं, त्यामुळे गरम ओव्हनमध्ये किंवा उन्हात लूप वाळण्याआधी बसतो. उन्हात गुलाबी आणि जांभळा रंग उडतो तो वेगळाच. बंद ओव्हनचा फक्त दिवा लावून दार किंचित उघडं ठेवणं, एसी ड्राय मोडवर चालवणं किंवा दोन-तीन हातांवरून मंद पंखा, यातलं काहीही चालतं. पंखा जवळून सोडला तर एकच बाजू आधी वाळून आखडते आणि लूप तिरका होतो.

लूप बसला आणि अजून १२ तास झाले नसतील, तर तो वाचतो. बोटाने हलकेच उघडा, नवा पेपर भरा, कडेवर उभा करा. चुकीच्या आकारात पूर्ण वाळलेला लूप वाकवायला गेलात तर मोडेल. त्याच्यासाठीच तिसरा लूप केलेला असतो.

गाठ आणि शेपट्या

लूप वाळलेले, गाठ ताजी. हा क्रम उलटा झाला की मऊ लूप गाठीच्या दाबाने चेपतात. गाठीची पट्टी लाटल्या लाटल्या गुंडाळा, दोन्ही टोकं मागे नेऊन मुडपा. पुढून ती फुगीर दिसावी म्हणून आत फॉन्डंटची लहानशी गोळी ठेवा. पट्टी खेचून घट्ट बसवू नका. सीएमसी असलेला फॉन्डंट वाळताना थोडा आक्रसतो, आतले लूप आता आक्रसत नाहीत, मग मागच्या बाजूला तडा जातो.

शेपट्यांचं उलट. त्या केकच्या कडेवरून खाली उतरणार असतील तर वाळवू नका. सपाट वाळलेली शेपटी कडेवर येताच मोडते. लूप एक-दोन दिवस आधी, शेपट्या त्याच दिवशी, मऊ असतानाच केकवर. वरची ३ सेंमी लूपखाली चिकटवा, बाकीची नुसती टेकू द्या. शेपटी लाटेसारखी हवी असेल तर तिच्याखाली पेपरच्या बारीक गुंडाळ्या सारा आणि दोन तासांनी काढून घ्या.

केकवर बसत नाही, सरकतो, खालून चिकट होतो

ओल्या सांध्याचा डिंक कोरड्या सांध्याला पुरत नाही. वाळलेला बो वाळलेल्या फॉन्डंटवर चिकटवायचा असेल तर वितळवलेलं पांढरं चॉकलेट किंवा रॉयल आयसिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखरेचं कडक वाळणारं आयसिंग, घ्या. चॉकलेट एक-दोन मिनिटं धरून ठेवलं की पकडतं. रॉयल आयसिंगला काही तास लागतात, पण पकड जास्त टणक येते.

केकच्या बाजूला, उभ्या भिंतीवर, ४० ग्रॅमच्या पुढचा बो नुसत्या चिकटवण्यावर सोडू नका. बटरक्रीमचा थर मऊ असतो आणि बो त्याच्यासकट खाली घसरतो. लूप मऊ असतानाच चिमटीत कच्च्या स्पॅगेटीची ४ सेंमीची काडी घाला, अर्धी बाहेर राहू द्या. बो मोठा असेल तर लॉलिपॉपची काडी. काडी केकमध्ये सरळ न खुपसता किंचित उतरती जाऊ द्या, म्हणजे आतलं टोक खाली आणि बाहेरचं वर. बो मग तिच्यावर टांगला जातो. सरळ किंवा उलट्या कोनात गेली तर तीच घसरगुंडी होते. केक आधी थंड करून घ्या, क्रीम घट्ट असलं की काडी भोक मोठं करत नाही. टूथपिक वापरलंच तर केक कापणाऱ्याला सांगायला विसरू नका. स्पॅगेटी एवढ्यासाठीच बरी.

व्हिप्ड क्रीमवर बो ठेवला की तासाभरात खालची कड चिकट होऊ लागते. त्या क्रीममध्ये पाणी मोकळं असतं आणि साखर ते ओढते. बोच्या मागच्या आणि खालच्या बाजूला वितळवलेलं पांढरं चॉकलेट किंवा कोको बटर ब्रशने लावून सुकू द्या. चरबीच्या त्या थरातून पाणी जात नाही. त्याहून सोपं म्हणजे चॉकलेटची पातळ चकती क्रीमवर ठेवून बो तिच्यावर बसवायचा. काहीही केलं तरी व्हिप्ड क्रीमवरचा बो शेवटचा, केक मांडायच्या आधी.

फ्रिजमधून काढल्यावर घामेजतो

दोष फ्रिजला दिला जातो, पण बो आत असताना फारसं काही होत नाही. बिघडतो तो बाहेर आल्यावर. थंड बोला दमट हवा लागली की तिच्यातलं पाणी त्याच्यावर थेंबांच्या रूपात जमतं, साखर ते शोषते आणि लूप खाली येतात. म्हणून बो फ्रिजमध्ये ठेवूच नये, वेगळा ठेवून केक बाहेर आल्यावर लावावा. लावलेला केक फ्रिजमध्ये ठेवावाच लागला तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर तासभर, मोठ्या केकला दोन तास, खोका उघडू नका. पाणी खोक्यावर जमेल, बोवर नाही.

घामेजलेल्या बोला हात लावू नका आणि टिपूही नका. कागदाने पुसलं की रंग ओघळतो आणि बोटांचे ठसे कायमचे राहतात. दुरून मंद पंखा सोडा. तासाभरात पाणी उडून जातं. थोडी चमक मागे राहते, पण ती वाईट दिसत नाही.

रंग आणि डाग

लाल-काळ्यासाठी तयार रंगाचा फॉन्डंट विकत घ्या. घरीच रंगवायचा असेल तर पावडर रंग घ्या, हव्या त्यापेक्षा एक छटा फिका ठेवा आणि रात्रभर राहू द्या. रंग मुरून गडद होतो. सीएमसी रंगानंतर घाला, म्हणजे गोळा किती मऊ झाला आहे ते बघून प्रमाण ठरवता येतं.

कॉर्नफ्लोअरचे पांढरे डाग आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका. तरी राहिले तर ब्रश रंगहीन मद्यार्कात, जसं की व्होडकात, बुडवून, कागदावर टिपून मग फिरवा. ते लगेच उडून जातं. पाण्याने डाग जातो आणि त्या जागी पाण्याचा डाग येतो. मद्यार्क नको असेल तर वाफ द्या, ३० सेंमी लांबून, दोन सेकंद, त्याहून जास्त नाही. सॅटिनची चमक देणारी लस्टर डस्ट पूर्ण वाळलेल्या लूपवर नीट धरत नाही. दोन-तीन तास वाळलेल्या, अजून जरा ओलसर असलेल्या लूपवर कोरड्या ब्रशने लावा.

फुललेल्या बोची मधली जागा उचलली जाते

सोळा लूपच्या बोत बहुतेकदा लूपची टोकं जाड राहतात आणि मध्यभागी एकमेकांवर चढतात. पट्ट्या २.५ × १४ सेंमीच्या घ्या आणि चिमटीची टोकं वाळायच्या आधी निमुळती कापा. ५ सेंमी व्यासाची, ४ मिमी जाड चकती करून वाळवा आणि तिच्यावर खालच्या रांगेत ७, वर ५, त्यावर ३ आणि मध्ये १ असे लूप रॉयल आयसिंगने किंवा चॉकलेटने बसवा. प्रत्येक रांग अर्धा तास पकडू दिल्याशिवाय पुढची चढवू नका. सगळे एकदम लावले की खालची रांग वरच्यांच्या वजनाने पसरते आणि मधला लूप वर उचलला जातो. मोजून सोळा न करता वीस करा.

बसवताना एखादा लूप मोडलाच, तर दोन्ही तुकडे मागच्या बाजूने चॉकलेटने जोडा आणि थंड होऊ द्या. त्याच रंगाच्या फॉन्डंटचा वाटाण्याएवढा तुकडा पाण्याच्या दोन-तीन थेंबांत कालवून त्याची पेस्ट करा, पुढची फट तिने भरा, वर आलेली पेस्ट ओलसर ब्रशने पुसून घ्या. ती बाजू गाठीकडे किंवा शेजारच्या लूपमागे वळवून लावा.